आधी हाक, मग हात

ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती १९२६ साली मँचेस्टरला सुरू झाल्या. इंग्लंडात त्या आजही चालतात. शर्यतीतून निवृत्त झालेली एक मादी आम्ही इथल्या घरी आणली. जिना तिला ठाऊकच नव्हता. काचेच्या दारावर तर नाक आपटले बिचारीने! हे सारे शिकवता येते. खरी मेख झोपेची. अशा कुत्र्यांना केनेलमध्ये झोपेत सहसा कुणी हात लावलेला नसतो. लाडाने मिठी मारणाऱ्या मुलावर ते दचकून गुरकावतात, प्रसंगी दातही लागतो आणि ‘चावरे’ ठरून घराबाहेर जातात. माझ्या मते शिस्त आधी मुलांना हवी. दुरून हाक मारायची, तिने मान उचलली की मगच हात लावायचा. पुण्याहून आलेल्या आजीलाही यात सूट नाही.