हौसेची होडी

गेल्या सत्रात आमच्या वाङ्मय मंडळात ‘प्रवास का करावा?’ या विषयावर चर्चा झाली. हिमालय झाला, पंढरीची वारी झाली, युरोपच्या सहलीही झाल्या. लहान शिडाच्या होडीतून केलेल्या लांबच्या सफरींचा विषय मी काढला, तेव्हा एक मित्र म्हणाला, “ते श्रीमंतांचे चोचले!” सारे हसले. मीही हसले, पण घरी गेल्यावर ते हसणे मला बोचू लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी कोळ्याची मुलगी. घरी होडी आहे. पण माझ्या वाट्याला आली ती आईबरोबर बाजारात न्यायची मासळीची पाटी. मला एकदा खोल समुद्रात न्या, असे बाबांना म्हटले, तर ते म्हणाले, “पोरी, दर्यावर हौसेनं कोण जातं? पोट नेतं म्हणून जायचं.” वादळातून परत आलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार? तरीही माझे मत निराळे आहे आणि ते मांडण्याचे धाडस मी येथे करते.

प्रथम ‘चोचल्यां’विषयी. छोट्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. तो शिडाच्या जहाजांवरचा कप्तान. आगबोटी आल्या आणि त्याच्यासारख्यांचे काम गेले. कोणीतरी दिलेली एक जुनी, कुजकी होडी त्याने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधली. ही ‘स्प्रे’ जेमतेम ३७ फूट लांब. १८९५ च्या एप्रिलमध्ये तो बोस्टनहून निघाला आणि १८९८ च्या जूनमध्ये, सुमारे ४६ हजार मैलांनंतर, परतला. वेळ पाहायला त्याच्याजवळ काय होते? तबकडी फुटलेली म्हणून एका डॉलरला मिळालेले पत्र्याचे घड्याळ! याला चोचले म्हणायचे असेल, तर आपल्या वसतिगृहातल्या स्टोव्हवरच्या चहालाही मेजवानी म्हणावे लागेल.

दुसरी होडी तर आपल्या मुंबईचीच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. त्याची ‘सुहेली’ ही ३२ फुटी होडी १९६३-६४ च्या सुमारास मुंबईत सागवानातून बांधली गेली. येथल्या सुतारांनी ती हातहत्यारांनी तासली. १९६५ च्या अखेरीस भाऊ व एक मित्र यांना घेऊन तो मुंबईहून इंग्लंडला निघाला. वाटेत पैसे संपले. दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकऱ्या कराव्या लागल्या. १९६७ मध्ये होडी इंग्लंडला पोहोचली. पुढे १९६८-६९ मध्ये याच होडीतून कोठेही न थांबता, एकट्याने, ३१२ दिवसांत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारा तो पहिलाच. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने. त्याचे नाव जगाला पाठ आहे. त्या सुतारांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

माझी खरी तक्रार येथे आहे. होडी बांधणारे हात आपले, आणि हौस मात्र दुसऱ्याची! आपल्याकडे अशा सफरी झाल्या नाहीत असे नाही. १९८५ ते ८७ मध्ये सैन्यातील अभियंत्यांनी ‘तृष्णा’तून प्रदक्षिणा केली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने ती केली, एकट्याने जाणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ मध्ये सहा स्त्री अधिकारी ‘तारिणी’तून जाऊन आल्या, आणि २०२४-२५ मध्ये त्याच होडीतून दोघीजणी. ‘तारिणी’ही गोव्याचीच. या साऱ्यांचा मला अभिमान आहे. ‘तारिणी’चे फोटो मी वहीत चिकटवून ठेवले आहेत. पण हे सारे गणवेशातले लोक. आपल्याकडे हौसेलाही गणवेश लागावा का? ज्यांच्या दारात समुद्र आहे, त्यांच्या मुलांनी आणि मुलींनी शीड उभारायचे ते केवळ पोटासाठी किंवा हुकमानेच का?

धोका आहे, हे मी नाकारत नाही. स्लोकम १९०८-०९ च्या सुमारास पुन्हा ‘स्प्रे’ घेऊन गेला तो परतलाच नाही. बाबांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरेच. पण डोंगरावरही माणसे मरतात, म्हणून आपण गिर्यारोहण मंडळ बंद केले नाही. दोर कसा बांधावा ते शिकवले.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आपल्या महाविद्यालयात शिडाच्या होडीचे एक मंडळ निघावे. समुद्र येथून चालत अर्ध्या तासावर आहे. शिकवायला आमच्या वाड्यातले म्हातारे तांडेल आहेत. वारा आणि भरती-ओहोटीचे त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही, आणि ते विचारायला कोणी येत नाही. पृथ्वीप्रदक्षिणा राहू द्या. सुरुवातीला खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले तरी पुष्कळ.

हा लेख मी बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ ते जाळे शिवीत बसले. मग म्हणाले, “गाठ मारता येते का तुला?” येत नव्हती. सध्या रोज संध्याकाळी ते मला एकेक गाठ शिकवतात.