मध्यरात्रीची गाडी

धनादेशावरील तारीख दोनदा वाचणारा व्यापारी घरच्यांची रेल्वेची तिकिटे मात्र दुकान वाढवण्याच्या गडबडीत मोबाईलवर काढतो. फसगत होते ती विशेषतः मध्यरात्रीनंतरच्या गाडीची. १४ तारखेला रात्री जेवून निघावयाचे, गाडी १२ वाजून २० मिनिटांनी, म्हणून १४ चेच आरक्षण केले जाते. रेल्वेच्या घड्याळात ००.२० म्हणजे १५ तारीख उजाडलेली असते. वृद्ध आई-वडिलांना घेऊन कुटुंब फलाटावर येते, तेव्हा त्या तिकिटाची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते. पैसे बुडतात, आणि त्या वेळी चार आसने एकत्र मिळणे जवळजवळ अशक्यच.

प्रतीक्षा यादीचेही तसेच. ऑनलाइन तिकिटावरील सर्व नावे प्रतीक्षेत राहिली, तर तक्ता तयार होताच ते आपोआप रद्द होते. त्यावर गाडीत चढता येत नाही. शिखरजीस जाणाऱ्यांनी स्थानक पारसनाथ निवडावे.

खात्यातून रक्कम गेली आणि तिकीट दिसले नाही, की घाईने दुसरे काढले जाते. आधी आरक्षणांची नोंद उघडून पाहावी. तिकीट निघालेच नसेल तर रक्कम खात्यात परत येते. निघाले असेल तर तीच माणसे दोनदा आरक्षित होतात आणि एक तिकीट कपात सोसून रद्द करावे लागते.