गठ्ठा गेला कुठे?



निवडणूक आली की पंडित मंडळी मुसलमानांची मते 'एकगठ्ठा' ठरवून मोकळी होतात. २०२४ च्या लोकसभेला धुळ्यात काँग्रेस ३,८३१ मतांनी जिंकली. मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने तिला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. लगेच 'व्होट जिहाद'ची आरोळी उठली! त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला तेच मतदार दोन मुसलमान उमेदवारांत असे विभागले, की निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. मग गठ्ठा गेला कुठे? पंडित गप्प!

यंत्रमागावर राबणाऱ्याला मजुरी, वीज, सुरक्षितता यांचा विचार करता येत नाही काय? बहुसंख्याकांनी एका पक्षाला भरभरून मते दिली तर ती 'लाट', अल्पसंख्याकांनी दिली तर 'व्होट बँक'! हा कुठला न्याय?

डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वे कामगारांनी संघटनांच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान केले. त्या मतपत्रिकेवर कोणी धर्माचा शिक्का मारला असता, तर आपण खपवून घेतले असते काय?

लॉबीत, सॉर्टिंगच्या टेबलावर 'एकगठ्ठा'ची भाषा निघाली, तर एवढेच विचारा : मालेगावचे १६२ कसे झाले?