आज्ञेच्या कन्येला काय द्यावे?

'बात मित्स्वा' म्हणजे शब्दशः आज्ञेची कन्या. परंपरेनुसार बाराव्या वर्षी ज्यू मुलीवर धर्माज्ञांचे उत्तरदायित्व येते. त्या प्रसंगी तिला भेट काय द्यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ खरेदीचा नाही, असे आम्हांस वाटते.

रूढ उत्तरे आहेत. अठराच्या पटीत पैसे देतात; कारण 'जिवंत' या अर्थाच्या 'हाय' या हिब्रू शब्दातील अक्षरांच्या मूल्यांची बेरीज अठरा होते. (आपल्याकडील एकशे एकच्या पाकिटाचे हे दूरचे आप्तच!) दीपदानाविषयी आम्हांस आदर आहे, शब्बाथचे दीप उजळणे ही स्त्रीकडे सोपवलेली आज्ञाच होय. गळ्यातली साखळी मात्र मुलीला सजवते, तिच्याकडून काही मागत नाही.

१९२२ साली न्यूयॉर्कमध्ये बारा वर्षांची ज्युडिथ कॅप्लान, रब्बी मॉर्देकाय कॅप्लान यांची कन्या, तोरातील उतारा वाचण्यास सर्वांसमक्ष उभी राहिली. अमेरिकेतील पहिली बात मित्स्वा म्हणून हा प्रसंग ओळखला जातो. पण तिने वाचले ते छापील पुस्तकातून. पवित्र गुंडाळी तिच्यापासून दूरच राहिली. हे अंतर ज्याला खुपेल, त्याला ग्रंथाची भेट रुक्ष वाटणार नाही.

आणि मुलगी बेने इस्रायल घराण्यातील असेल तर? वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा १८७४ साली पुण्यात हिब्रूसह मराठीत छापली गेली. घरात अशी एखादी जुनी मराठी पोथी उरली असेल, तर आजीने ती याच दिवशी नातीच्या हाती द्यावी. इस्रायलमध्ये वाढलेल्या नातीला देवनागरी वाचता येत नसेल, तरीही. शिकवायला आजी आहेच.