१८१८चा मारुती आणि दहाचं नाणं

भिवंडीत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. जुनं भांडं मोडीत घ्यायचं, घट कापायची, वरचे पैसे घेऊन नवं द्यायचं, हा वडिलांपासूनचा धंदा. हल्ली मोडीबरोबर रुमालात बांधलेलं एक नाणंही निघतं. एका बाजूला रामपंचायतन नाहीतर द्रोणागिरी उचललेला मारुती. दुसरीकडे रोमन अक्षरांत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल वन आना' आणि सन १८१८. आणणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. "शेठ, हे वीस लाखांना जातं म्हणे. भाच्याने मोबाइलवर बघितलंय." मी ते काट्यावर टाकतो आणि मोडीचा भाव सांगतो. मावशी रुसतात.

असलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. १८०४ साली मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशावर तिने कोरला तो तराजू आणि त्यात 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द. (काटा धरणाऱ्या माणसाला ते चित्र आवडणारच.) एक आण्याचं नाणं तर ब्रिटिश हिंदुस्थानात १९०७ सालचं, म्हणजे कंपनीचं राज्य जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाल्यावरचं. खरी शिवराई कधी हातात घेऊन बघा. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर काठाबाहेर गेलेलं, 'छत्रपति' अर्धवट. या मारुतीच्या नाण्यावर मात्र अक्षर न् अक्षर शाबूत, आणि जुनेपणा आणायला लावलेला काळा रंग अंगठ्याला लागतो.

कल्पनेतलं नाणं पाडणं हा गुन्हाच, असं मी म्हणत नाही. इंग्लंडजवळच्या लंडी बेटाचे मालक मार्टिन कोल्स हार्मन यांनी १९२९ साली 'पफिन' नावाची स्वतःची नाणी काढली. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला स्वतःचा चेहरा. खटला झाला, ५ पौंड दंड बसला. आज संग्राहक ती हौसेने घेतात. माणूस राहत नाही अशा बेटांच्या नावानेही नाणी निघतात आणि घेणारा ती जाणूनबुजून घेतो. देव्हाऱ्यात पुजायच्या रामटंका नाण्याचंही तेच. तिथे भाव मनातला असतो, बाजारातला नसतो.

चीड येते ती फोनवाल्यांची. नाण्याचा फोटो मागवायचा, लाखांचा आकडा सांगायचा, मग 'आधी नोंदणी फी भरा, कर भरा' म्हणत पैसे काढायचे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल सावध केलं होतं: आपण अशा व्यवहारात नाही आणि कुणाला नेमलेलंही नाही. पण ते पत्रक लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगारापर्यंत कोण पोचवणार? गंमत म्हणजे हाच माणूस सुट्टे म्हणून दिलेलं दहाचं नाणं परत करतो. "शेठ, नोट द्या, हे चालत नाही." दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात, असं त्याच रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये सांगितलं होतं.

अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' असा ठसा सक्तीचा केला. आपल्याकडेही असल्या मारुती-रामाच्या नाण्यांवर ठळक देवनागरीत 'नमुना' उमटवायला लावा. पूजा करणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही.