नाव मासळीचे, माल पिठाचा!

कोळणीच्या पाटीपुढे उभी राहिलेली बाई पापलेटाचा कल्ला उचलून बघते, डोळा बघते, बोटाने दाबून बघते आणि मगच भावाला हात घालते. खाटकाकडे खिमा घेणारा माणूस डोळ्यांसमोर मांस कापायला लावतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही तपासणी आहे, आणि तिला कुठल्या इन्स्पेक्टरची गरज लागली नाही. तेच गिऱ्हाईक मॉलमधल्या फ्रीजसमोर चिकन स्प्रेडची बरणी हातात घेते, तेव्हा मात्र ते आंधळे होते. उकडून, वाटून, चरबी आणि स्टार्च घालून घोटलेल्या लगद्याला कल्ला नसतो, हाड नसते, रेषा नसते. त्यात कोंबडी किती आणि पीठ किती हे ना डोळ्याला कळते, ना जिभेला. तिथे गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे लेबल. आणि हा साक्षीदार फितूर करण्याची सोय आपल्या कायद्यानेच करून ठेवली आहे, असा आमचा उघड आरोप आहे!

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालचे लेबलिंगचे नियम २०२० चे. त्या नियमांत लिहिले आहे की, लेबलवर शब्दांनी वा चित्राने एखाद्या घटकाचा गाजावाजा केला असेल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगावे. वाचायला छान. पण सांगावे कुठे? पुढच्या बाजूला, नावाशेजारी, नावाएवढ्याच अक्षरात सांगा, अशी सक्ती नाही. म्हणून पुढे कोंबडीचे रंगीत चित्र झळकते आणि तिचा टक्का मागे, घटकांच्या गर्दीत, चष्मा लावूनही दिसणार नाही असा दडपला जातो. वर आणखी एक पळवाट: तो घटक केवळ स्वादापुरता वापरला असेल, तर टक्का सांगायचीही गरज नाही. म्हणजे ज्याने कमीत कमी घातले, त्यालाच सर्वांत जास्त लपवायची मुभा! हा नियम गिऱ्हाइकासाठी लिहिला की कारखानदारासाठी?

क्रॅब स्टिकचे उदाहरण घ्या. बाहेरून लाल, आतून पांढरी, धाग्याधाग्यांनी सुटणारी कांडी. खेकडा त्यात बहुधा नावापुरता, पुष्कळदा नसतोच. ती असते सुरिमी: राणी माशासारख्या पांढऱ्या मासळीचे मांस काढून, पाण्याने धुऊन, साखर मिसळून गोठवलेला लगदा. पुढे त्यात स्टार्च, अंड्याचा पांढरा बलक आणि खेकड्याचा स्वाद जातो, बाहेरून लाल रंग चढतो. सुरिमीला आमचा विरोध नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती बनते, परदेशात जाते, त्यावर माणसांची पोटे चालतात. राणी मासा हा खाण्याजोगा, चांगला मासा आहे. मग त्याचेच नाव पुढे मोठ्या अक्षरात लिहायला लाज कसली? ज्याला मासळीची ॲलर्जी आहे आणि खेकडा चालतो, त्याने या कांडीच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवला तर त्याचा जीव धोक्यात येतो. हा प्रश्न चवीपुरता नाही.

कायदा नीट करता येत नाही, असे कोणी सांगू नये. इंग्लंडने १९८४ साली मांसाचे पदार्थ आणि पावाला लावायचे माशांचे पदार्थ यांसाठी स्वतंत्र नियम केले. फिश पेस्ट म्हणून विकायचे असेल तर ७० टक्के मासा हवा, असे त्यांत ठरवले. न शिजवलेल्या मांसाच्या पदार्थात काय घालायचे नाही, याची यादीच दिली: मेंदू, पाय, आतडी, फुप्फुसे, प्लीहा, कास, पाठीच्या कण्यातली मज्जा. एकेका अवयवाचे नाव कायद्यात! २००१ साली युरोपीय संघाने लेबलापुरती मांसाची व्याख्याच बांधून टाकली. डुकराच्या मांसात चरबी ३० टक्क्यांपर्यंत, कोंबडीच्या मांसात १५ टक्क्यांपर्यंत. त्यापुढची चरबी मांस म्हणून मोजायची नाही. हाडांना चिकटून राहिलेले मांस यंत्राच्या दाबाने चाळणीतून काढतात, तो लगदाही मांसाच्या टक्क्यात धरायचा नाही, त्याचे वेगळे नाव लिहायचे. आपल्याकडे नगेट आणि सॉसेज खाणाऱ्या पोराच्या आईला असा लगदा अस्तित्वात आहे हे तरी कोणी सांगितले आहे काय?

आणि कागदावर नियम असले म्हणजे भागले, असेही नाही. जानेवारी २०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बीफ बर्गरचे २७ नमुने तपासले. १० नमुन्यांत घोड्याचा डीएनए सापडला. एका बर्गरमध्ये तर मांसाच्या २९ टक्के घोडा होता. लेबलवर बीफ. इतक्या कडक कायद्यांच्या मुलखात ही फसवणूक चालू होती आणि ती पकडली कोणी? दुकानातून माल उचलून प्रयोगशाळेत नेणाऱ्या सरकारी यंत्रणेने. मग आमच्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला विचारणे भाग आहे: गोठवलेल्या कबाबातला, डबाबंद मासळीतला, बरणीतल्या स्प्रेडमधला प्राणी कोणता, हे डीएनए लावून तुम्ही किती वेळा तपासले? तपासले असेल तर निकाल वर्तमानपत्रांत का येत नाहीत? तपासले नसेल तर तसे छातीठोकपणे सांगा!

मांसाहार करणाऱ्याचीच ही फसवणूक आहे, असे समजून शाकाहारी वाचकाने पान उलटू नये. नियम असा की, चव वाढवणाऱ्या द्रव्याचे नाव लिहा किंवा नुसता आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहा. ६३१ हा त्यातलाच एक आकडा. हे द्रव्य वनस्पतींपासून करता येते, तसे मांसापासून आणि मासळीपासूनही करता येते. नूडल्सच्या आणि वेफर्सच्या पाकिटावर तो आकडा वाचून कोणाला काय कळणार? डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला खडसावले. घटक कितीही अल्प असो, तो प्राण्यापासून आला की वनस्पतीपासून हे सांगितलेच पाहिजे, असा आदेश दिला. न सांगणे हा घटनेच्या २१व्या आणि २५व्या अनुच्छेदांचा भंग ठरवला. घराजवळच्या दुकानात जाऊन पाकीट उलटून पाहा आणि त्या आदेशाचे किती मोल राहिले ते स्वतःच ठरवा.

त्यातही भाषेचा अन्याय वेगळाच! लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायदा तृप्त. इतर भाषा कंपनीच्या मर्जीवर. कंपनी अर्थातच इंग्रजी निवडते. शेकडो किलोमीटर किनारा असलेल्या, मासळी म्हणजे रोजचे जेवण मानणाऱ्या राज्यात, डबाबंद मासळीत काय आहे हे मराठीत सांगण्याचे बंधन कोणावरही नाही! मालवणची म्हातारी सुका जवळा हातात घेऊन तो कोणत्या मोसमातला हे सांगेल, पण नातवाच्या डब्यात काय आहे हे तिला वाचता येऊ नये, अशी व्यवस्था दिल्लीत बसून ज्यांनी केली त्यांनी मराठी माणसाला गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा जमेस धरलेले नाही.

आणि खोटे लेबल पकडले गेलेच, तर शिक्षा? कायद्याचे ५२वे कलम: दंड, जास्तीत जास्त तीन लाख रुपये. देशभर माल विकणाऱ्या कारखान्याला ही रक्कम एका दुपारच्या जाहिरातीलाही पुरणार नाही. हा दंड कसला, ही तर खोटे बोलण्याची फी आहे!

दुरुस्ती अवघड नाही. ज्या पदार्थाच्या नावात मांस वा मासळी आहे, त्यात ती किमान किती हवी हे आकड्याने ठरवा. तो टक्का पुढच्या बाजूला, नावाला खेटून, नावाएवढ्याच अक्षरात छापायला लावा. स्वादाची पळवाट बुजवा. यंत्राने काढलेल्या लगद्याला त्याच्या नावाने हाक मारा. प्रत्येक क्रमांकापुढे प्राणी की वनस्पती हे लिहा. महाराष्ट्रात विकायच्या प्रत्येक पाकिटावर हे सारे मराठीत असल्याशिवाय ते दुकानात येऊ देऊ नका, आणि त्यासाठी केंद्राचा नियम आड येत असेल तर आमच्या खासदारांनी तो बदलून घ्यावा. त्यांना दिल्लीला आम्ही त्याचसाठी पाठवले आहे. दंड विक्रीच्या प्रमाणात लावा, तीन लाखांत गुंडाळू नका. येत्या अधिवेशनात अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून सांगावे: गेल्या वर्षी मांसाच्या आणि मासळीच्या पाकीटबंद पदार्थांचे किती नमुने तपासले, किती खोटे निघाले, आणि ते कोणाचे होते.