ऐकणाऱ्यांची संस्था

कोल्हापूरच्या गाण्याचा विषय निघाला की बोलणे शाहू महाराजांपासून सुरू होते आणि अल्लादिया खाँसाहेबांपाशी थांबते. राजा दिलदार, गवई अफाट. उरलेल्यांनी फक्त माना डोलावल्या असाव्यात. तारखा वेगळे सांगतात. कोल्हापुरातला गाणे ऐकणाऱ्यांचा देवल क्लब १८८३चा. महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला १८९४मध्ये आणि खाँसाहेब दरबारात आले ते त्यानंतर. म्हणजे हा थोर गवई येण्याआधीच गाणे ऐकायला एकत्र बसणारी माणसे शहरात होती. महाराजांच्या आश्रयाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण १९२२मध्ये ते गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. १९४९मध्ये संस्थानच विलीन झाले. दरबार गेला, क्लब राहिला. गाणे राजाश्रयावरच जगते म्हणणाऱ्यांनी याचा उलगडा करावा.

माझ्या मते हा उलगडा श्रोत्यात आहे. खाँसाहेबांच्या जयपूर घराण्याचे अनवट राग आणि पेचदार ताना एकदा ऐकून उमगत नाहीत. पुन्हा पुन्हा ऐकून कान तयार व्हावा लागतो, तेव्हा कुठे समेवर मान आपोआप हलते. असा कान किती दूर नेतो हे गोविंदराव टेंब्यांकडे पाहून कळते. त्यांच्या संगीताची सुरुवात देवल क्लबातली आणि पेटी बव्हंशी स्वतः कमावलेली. पुढे १९११मध्ये ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांनीच बांधल्या.

यावर आक्षेप येईल की त्या काळचे गायन समाज पांढरपेशा पुरुषांचे होते, बहुजनांना आणि बायकांना तिथे जागा कुठे होती? आक्षेप खरा आहे, त्यावर सारवासारव नको. मात्र तो बैठकीवर कोण बसले यावरचा आहे, बैठकीवरचा नाही. आणि आपल्या भुदरगड तालुक्यात ती बैठक आधीच बहुजनांची आहे. एकादशीला पखवाजाच्या धुमाला कणीक लावून, थापेने सूर जुळेपर्यंत ती कमी-जास्त करणारा भजनी मंडळातला माणूस तयार कानाचाच असतो. फक्त त्याला स्वतः न वाजवता दुसऱ्याचे ऐकत बसायची संधी क्वचित मिळते. दुसरा आक्षेप मोबाइलचा: सगळे गाणे खिशात आहे, मग ऐकणाऱ्यांचे मंडळ कशाला? खिशातले गाणे कंटाळा येताच पुढे ढकलता येते. शेजारी जाणकार बसला असेल तर विलंबित ख्यालात कंटाळ्याच्या पलीकडे काय आहे ते कळते.

तालुक्याच्या गारगोटीत १९४२चे हुतात्मे आहेत, जे. पी. नाईकांनी उभे केलेले मौनी विद्यापीठ आहे. ऐकणाऱ्यांचे मंडळ मात्र हवे तसे नाही. त्याला मोठे नाव, इमारत, अनुदान यांतले काहीही आधी लागत नाही. महिन्यातून एक रात्र, एक सतरंजी, एक तंबोरा आणि बायकांना पुढच्या रांगेत जागा. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांना हे जमवायचे आहे, त्यांनी तुळशीच्या लग्नाआधी आम्हाला कळवावे.